कानाला साजेसे साधन

आम्हा बडोदेकरांच्या घरांतून गाणे ऐकण्याची साधने पिढीगणिक बदलत गेली. कर्ण्याचा ग्रामोफोन गेला, दिवाणखान्यातला रेडिओ गेला, कॅसेटही माळ्यावर चढल्या. ऐकायचे गाणे मात्र पुष्कळ अंशी तेच राहिले. ज्या नगरीत श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपविली आणि जिथे दरबारगायक उस्ताद फैयाज खाँ यांनी १९५० साली देह ठेवला, तिथे हे साहजिकच म्हणायचे. आता ते गाणे मोबाइल फोनात येऊन बसले आहे आणि घराघरांत नवा प्रश्न उभा राहिला आहे. हेडफोन कोणता घ्यावा, आणि त्याच्या जोडीला आणखी काही घ्यावे काय?

प्रश्न पडण्यास कारण आहे. २०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनचे गोल छिद्र नाहीसे झाले. पुढे बहुतेक महागड्या फोनांनी तोच कित्ता गिरविला. त्यामुळे तारेचा हेडफोन लावायचा तर मधे एक लहानसा जोड लागतो. फोनातील आकड्यांचे पुन्हा ध्वनीच्या विद्युत्‌लहरींत रूपांतर करण्याचे काम बहुधा तोच करतो. बाजारात त्याला ‘डॅक’ म्हणतात आणि तो काही शे रुपयांपासून हजारोंपर्यंत मिळतो.

आमचे म्हणणे असे की, निवडीचा आरंभ पेटीपासून न करता तबकडीपासून करावा. खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची. सेकंदाला पाच-सहा हजार कंपनांच्या पलीकडे तिच्यात स्वर थोडा आणि खरखर फार. सीडीच्या साध्या प्रतीत वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी मावतो. तेव्हा जुनी तबकडी तिच्यात सहज सामावते. याहून ‘उच्च दर्जा’ची फाइल घेतली तर अधिक ऐकू येते ती मुख्यतः खरखरच! तार सप्तकावर उगीच झळाळी चढविणारा हेडफोनही तिलाच पुढे आणतो. ज्यात मधले स्वर भरदार आणि बोल स्पष्ट, तोच आमच्या कामाचा.

दुसरी गोष्ट ताकदीची. ३२ ओहमच्या आसपासचे हेडफोन साध्या जोडावर उत्तम चालतात. ३०० ओहमचे, स्टुडिओच्या धाटणीचे हेडफोन घेतले तर आवाज दबलेला वाटतो. तिथे मात्र अधिक जोराचा डॅक हवा. ब्लूटूथने तारेची कटकट वाचते. त्यात ध्वनी दाबून पाठविला जातो खरा, पण जुन्या तबकडीच्या बाबतीत तो फरक ओळखणारा कान विरळा.

तिसरी आणि आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे खुद्द कान. साठी उलटल्यावर उंच कंपने ऐकू येईनाशी होतात, शब्दांची टोके बोथट होतात. घरातील ज्येष्ठांना फोनच्या चिमुकल्या स्पीकरवरचे गाणे म्हणजे नुसती कुजबुज. म्हणून ते हळूहळू त्यातून उठून जातात. कानभर मऊ गादी असलेला, बाहेरचा गलका अडविणारा हेडफोन त्यांना बंदिशीचे बोल परत देऊ शकतो. हजारोंच्या डॅकपेक्षा हा खर्च सार्थकी लागणारा. मात्र आवाज वाढवीत जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्यास ४० तास, ही मर्यादा सांगितली आहे. तेवढ्यातही शब्द लागत नसतील, तर दुकानाऐवजी कानाच्या डॉक्टरांकडे जावे.

दुकानात जाताना ओळखीची तबकडी फोनात घालून न्यावी आणि ज्यांच्यासाठी साधन घ्यायचे, त्यांनाच ऐकवावी. पूर्वी एका कर्ण्यापुढे सारे घर बसे. हेडफोनने ती बैठक मोडली हे नाकारता येत नाही. म्हणून गाणे संपले की हेडफोन उतरवून, कोणती जागा आवडली ते शेजारच्यास अवश्य सांगावे. तेवढी सोय कोणत्याच पेटीत मिळत नाही.