करिता

बुलढाण्याच्या स्टँडवर धाडची एसटी लागली. खिडकीशी जागा मिळताच मी मांडीवरची पिशवी दुसऱ्यांदा उघडून पाहिली. कागद होता. मुद्रांकाचं पान, पुढे आत्याचा फोटो, फोटोशेजारी अंगठा, आणि अशा प्रत्येक कागदात असतं ते वाक्य: सदर मुखत्यार जे काही करतील ते मी स्वतः केल्याप्रमाणे मला कबूल व मंजूर राहील.

आत्या शहाऐंशीची. खुब्याचं हाड मोडल्यापासून पुण्यातल्या खोलीबाहेर पडलेली नाही. धाडच्या शिवारात तिच्या वाट्याच्या तीन एकरांची मोजणी निघाली, तेव्हा मला कुलमुखत्यार करायचं ठरलं आणि दुय्यम निबंधक गृहभेटीला घरी आले. १९०८ च्या नोंदणी कायद्यात ही सोय आहे. अंथरुणाला खिळलेला, तुरुंगात असलेला आणि कोर्टात जातीने हजर राहण्यापासून ज्याला सूट आहे असा, या तिघांना मुखत्यारपत्रासाठी कचेरीची पायरी चढावी लागत नाही. तिसऱ्या वर्गात जुन्या काळी गोषातल्या बायका येत. साहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, “आजी, हा कशाचा कागद आहे, माहीत आहे ना?”

“माहीत आहे की,” आत्या म्हणाली, “मी असून नसल्याचा.”

बुलढाणा घाटमाथ्यावर वसलेलं. उत्तरेला मलकापूरकडे उतरायचं तर राजूरचा घाट लागतो, पण धाडची वाट पठारावरूनच जाते. डिसेंबर होता. तुरी शेंगांनी वाकलेल्या, हरभरा घोट्याएवढा, आणि मधेच एखाद्या रानात शेवटच्या वेचणीचा कापूस. पैनगंगा याच डोंगरात उगम पावते, हे इथलं उघडंबोडकं रान पाहून खरं वाटत नाही.

मुखत्यार हा शब्द आता कचेरीपुरता उरलाय, पण एकेकाळी तो पेशा होता. १८७९ च्या कायद्याने वकिलांच्या खालोखाल मुखत्यारांना मान्यता दिली होती. त्याच्याही आधी आपल्याकडे होता मुतालिक. वतनदार लढाईवर, वतनदार अज्ञान, वतनदाराच्या मागे विधवा, की शिक्का मुतालिकाच्या हाती. एवढंच कशाला, छत्रपतींच्या दरबारात ‘प्रतिनिधी’ नावाचं पदच होतं आणि त्या प्रतिनिधीलाही मुतालिक होता, यमाजी शिवदेव. म्हणजे मुखत्याराचा मुखत्यार. याच बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाला जिजाऊंचं माहेर. शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात आणि पुण्याची जहागीर सांभाळणार जिजाऊ आणि दादोजी कोंडदेव. मालक शेकडो कोस दूर, कारभार दुसऱ्याच्या हाती. आपल्या इतिहासातली एक फार मोठी गोष्ट अशाच मुखत्यारीत सुरू झाली, असं माझं आपलं मत.

धाडला उतरलो. गाव मोठं, बाजारपेठेचं. स्टँडसमोर चहा घेताना शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाबांनी कोणाकडे आलात म्हणून विचारलं. सांगितलं. मग पुढे कुठे? म्हटलं, मोजणी उद्या आहे, आज जरा भोकरदनकडे जाऊन येतो.

“म्हंजे मोगलाईत,” बाबा म्हणाले.

हा शब्द अजून जिवंत असेल असं वाटलं नव्हतं. धाड वऱ्हाडचं शेवटचं मोठं गाव, आणि पुढचं भोकरदन निजामाचं. आज बुलढाणा आणि जालना या दोन जिल्ह्यांमधली साधी सीमा आहे ती. फलक लागतो, एसटी पुढे जाते. बाबा सांगत होते, “आमची आर्धी सोयरीक तिकडं. माहे वडील म्हनायचे, बांध वलांडला की पैसा येगळा, पोलीस येगळा.” पैसा खरंच वेगळा होता, निजामाचा हाली सिक्का. ज्याचं रान दोन्ही अंगांना असेल त्याला दोन सरकारं, दोन दप्तरं आणि बहुधा दोन मुखत्यार लागत असणार.

ही रेघ पडली कशी, ते पिशवीतला कागद जवळ असताना आठवलं म्हणून जास्त रुतलं. १८५३ पर्यंत अलीकडचं पलीकडचं सगळं निजामाचंच होतं. त्या वर्षी मे महिन्यात नासिरुद्दौलाने कंपनी सरकारशी तह केला. त्याच्या नावाने पोसलेल्या फौजेचा खर्च थकला होता. तो भागवायला वऱ्हाड कंपनीच्या कारभारात दिलं. दिलं म्हणजे विकलं नाही. मालक निजामच. कंपनीने वसूल करायचा, फौजेचा खर्च भागवायचा, दरसाल हिशेब दाखवायचा आणि उरलेली रक्कम मालकाला द्यायची. कुलमुखत्यारपत्र आणखी काय वेगळं असतं? १८६० ला नवा तह झाला, जुनं पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं आणि बदल्यात निजामाने हिशेब मागायचा नाही असं ठरलं. कोणत्याही वकिलाला हे कलम दाखवा, तो डोक्याला हात लावेल.

आपल्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे देणारा मेला की मुखत्यारी संपते. नासिरुद्दौला १८५७ मध्ये गेला. तह काही माणसामाणसातला करार नव्हे, हे मलाही कळतं, तरी मनात येतंच. पुढे निजामाचा दिवाण सालारजंग याने वऱ्हाड परत मागितलं, त्यासाठी १८७६ ला इंग्लंडपर्यंत गेला. रिकाम्या हाताने परतला. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने तेव्हाच्या निजामाकडून, मीर महबूब अली खानाकडून, कायमचा पट्टा लिहून घेतला, सालाचे पंचवीस लाख. आणि १९३६ च्या करारात निजामाच्या थोरल्या मुलाला किताब मिळाला, ‘प्रिन्स ऑफ बेरार’. जमीन मुखत्याराकडे, नाव मालकाच्या पोराला. १९५६ मध्ये दोन्ही बाजू एका राज्यात आल्या तेव्हा कुठे बांध पुसला गेला, निदान दप्तरातून.

पिंपळगाव रेणुकाई गेलं. हिरव्या मिरचीचा मोठा बाजार इथे भरतो, पण तो पावसाळ्यात; आता गाळे ओस होते. भोकरदनला जेवलो आणि गाडी बदलून असईकडे निघालो. मला ती लढाईची जागा बघायची होती. जुई आणि केळणा या नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर हल्ला केला. वाटाड्ये म्हणाले, नदीला उतार नाही. पण दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, म्हणजे मधे उतार असणारच, असा त्याने तर्क केला. आपल्या कुठल्याही शेतकऱ्याने हेच सांगितलं असतं. त्यासाठी पुढे ड्यूक व्हावं लागत नाही. केळणेत आज घोटाभर पाणी होतं. एक बाई धुणं आपटत होती.

असईवर मेले त्यात स्कॉटिश फार. ७४ व्या हायलँडर पलटणीचे जवळजवळ सगळे अधिकारी पडले किंवा जखमी झाले. ७८ वी पलटणही तिकडचीच. वेलस्लीच्या सोबत घोड्यावर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, वय तेवीस, स्कॉटलंडच्या एका लॉर्डचा मुलगा. घराण्याची इस्टेट थोरल्याला, धाकट्यांनी हिंदुस्थान गाठायचा, हा तिकडचा रिवाज. ज्याच्या नावे गावाकडे जमीन असेल तो निघताना एखाद्या नातेवाइकाला किंवा एडिंबराच्या वकिलाला कागद करून देई. स्कॉटिश कायद्यात त्या कागदाचं नाव ‘फॅक्टरी अँड कमिशन’. फॅक्टर म्हणजे दुसऱ्याच्या वतीने कारभार पाहणारा. सुरतेच्या इंग्रजांच्या वखारीला ते फॅक्टरी म्हणत ते यामुळेच, तिथे कारखाना नव्हता, फॅक्टर राहत होते. म्हणजे आपण ज्याला वखार म्हणालो ते मुखत्याराचं घर होतं. मुखत्यार शेवटी घरमालक झाला हे वेगळं.

फॅक्टरची दुसरी बाजूही स्कॉटलंडनेच पाहिली. असईनंतर अकरा वर्षांनी, १८१४ मध्ये, सदरलंडच्या इस्टेटीचा फॅक्टर पॅट्रिक सेलर याने स्ट्रॅथनेव्हरची कुळं हुसकली, छपरं जाळल्याचा आरोप त्याच्यावर आला. १८१६ ला इन्व्हर्नेसला खटला चालला, सेलर सुटला. जमीन सदरलंडच्या काउंटेसबाईंची. पण लोकांच्या तोंडी शिव्या राहिल्या त्या सेलरच्या नावाने. पूर्वीच्या पाटलांच्या गुमास्त्यांबद्दल अशाच गोष्टी आपल्याकडे ऐकू येतात.

रात्री धाडला मुक्काम केला. आत्याचा फोन आला. पहिलाच प्रश्न, “विकली नाहीस ना?” हसलो, पण तिची भीती अगदीच पोकळ नव्हती. नुसत्या मुखत्यारपत्रावर जमिनी विकल्या जात होत्याच. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की अशा कागदाने मालकी जात नाही.

सकाळी भूकरमापक आले. यंत्र तिवईवर चढलं, लगतचे खातेदार जमले, दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं. निंबाच्या झाडाखाली जुनी हद्दीची खूण सापडायला तास गेला. हे झाड आत्याच्या लहानपणीचं, असं ती सांगते. खूण त्याच्या बुंध्याला टेकूनच निघाली. जबाब लिहून झाला तेव्हा भूकरमापकाने पेन पुढे केलं.

“मालक?”

“मुखत्यार.”

“मग आधी मालकीणबाईंचं नाव लिहा, त्यापुढे ‘करिता’ लिहा, आणि खाली तुमची सही.”

लिहिलं. आत्याचं नाव माझ्या अक्षरात फार विचित्र दिसत होतं. शेजारच्या खातेदाराने मान लांबवून वाचलं आणि स्वतःचा अंगठा उठवला.

बांधावरूनच तिला फोन लावला.

“निंब कोणाकडे गेला रे?”

“अर्धा आपल्याकडे, अर्धा त्यांच्याकडे. बुंध्यातून रेघ जाते.”

“आणि तू सही केलीस?”

“केली.”

थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. “बरं,” आत्या म्हणाली, “म्हणजे मीच केली.”