समुद्र नसलेल्या जिल्ह्याचं बंदर

धाराशिव जिल्ह्यातल्या भूमच्या एसटी स्थानकावर उतरून इथं पाहण्यासारखं काय आहे, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: ‘कुंथलगिरीला जा, पेढा घ्या.’ उत्तरात चूक काहीच नाही. पण पेढ्याच्या आधी खव्याची भट्टी बघावी, या मताचा मी आहे. भूम, वाशी, परांडा हा पट्टा बालाघाटाच्या डोंगररांगांचा, कोरडवाहू शेतीचा. पावसाचा भरवसा नाही म्हणून दावणीला जनावर, आणि दूध पिणारी शहरं लांब म्हणून दारात भट्टी. दूध नासतं, खवा त्यापेक्षा टिकतो. सगळा धंदा एवढ्या साध्या हिशेबावर उभा आहे.

गावाबाहेरच्या एका भट्टीवर सकाळीच गेलो. लोखंडी कढईत म्हशीचं दूध उकळत होतं आणि भट्टीवाले मामा लांब दांड्याच्या खुरप्यानं तळ खरवडत होते. हात थांबला की दूध बुडाला लागतं. कडेला धरलेली साय ते सारखी आत ओढत होते. आधी खळखळणारं दूध हळूहळू घट्ट होतं, बुडबुडे मोठे आणि मंद होतात, उकळीचा आवाज जड पडतो. मामा कढईत न बघताच तो आवाज ओळखतात आणि खालचं लाकूड मागं ओढतात. साधारण पाच लिटर दुधाचा एक किलो खवा. ‘खवा आमचा, मिठाई शहराची,’ मामा म्हणाले आणि पुढच्या कढईकडे वळले.

माल इथला आणि बाजार दूरचा, ही या भागाची जुनीच रीत. ती किती जुनी, ते पुढे तेरला कळतं.

कुंथलगिरी भूम तालुक्यातच आहे. दिगंबर जैनांचं हे सिद्धक्षेत्र. देशभूषण आणि कुलभूषण हे मुनी इथून मोक्षाला गेले, अशी श्रद्धा आहे. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला नवं बळ देणारे आचार्य शांतिसागर यांनी सल्लेखना, म्हणजे आमरण उपवासाचं व्रत, घेऊन १८ सप्टेंबर १९५५ रोजी याच टेकडीवर देह ठेवला. त्यामुळे देशभरातले जैन यात्रेकरू इथं येतात. पायऱ्या चढतात, दर्शन घेतात, खाली उतरून पेढे बांधून घेतात आणि बहुतेक जण तसेच महामार्गाला लागतात.

जिल्ह्याच्या पर्यटनाचं चित्रही बरंचसं असंच आहे. देवस्थान मध्यभागी, बाकी सारं वाटेवरचं. ६ मे २०२५ रोजी चौंडीला झालेल्या राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिराच्या विकास आराखड्याला १,८६५ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. भवानी अवघ्या महाराष्ट्राची कुलस्वामिनी. तिच्या दारी येणाऱ्यांना चांगली सोय मिळायलाच हवी. पण त्याच जिल्ह्यात भूमच्या शेजारी परांड्याचा भुईकोट किल्ला आहे. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर निजामशाहीनं आपली राजधानी इथं हलवली होती. अहमदनगरला १५४९ मध्ये ओतलेली मुलुखमैदान तोफ याच किल्ल्यात होती. १६३२ मध्ये आदिलशाहीनं ती विजापूरला नेली. आज तोफ बघायला लोक विजापूरला जातात. परांड्याचे बुरूज मात्र रिकामेच असतात.

भूमहून वाशी, येरमाळा, येडशी करत तेर गाठलं. तेरणाकाठचं हे गाव वारकऱ्यांना गोरोबाकाकांचं म्हणून ठाऊक. संत गोरा कुंभारांच्या समाधीशी गर्दी असते, मृदंग वाजत असतो. पण त्याच्याही हजारेक वर्षांआधी या गावाचं नाव समुद्रापार पोचलं होतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं, व्यापाऱ्यांच्या उपयोगाचं एक प्रवासपुस्तक आहे: ‘पेरिप्लस’. त्यात बॅरिगाझाचं, म्हणजे आजच्या भडोचच्या बंदराचं वर्णन आहे. त्या बंदराला माल पुरवणाऱ्या दक्षिणेकडच्या दोन मोठ्या पेठा लेखकानं सांगितल्या. एक पैठण, भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर, पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड जात, तगरहून जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. हा सगळा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदराला नेत, असं लेखक मुद्दाम नोंदवतो. तगर नेमकं कोणतं, यावर विद्वानांचे पुष्कळ वाद झाले. १९०१ मध्ये जॉन फेथफुल फ्लीट यांनी ते तेरच, असं मांडलं आणि पुढं ते सर्वमान्य झालं.

म्हणजे समुद्रापासून शेकडो कोस आत असलेल्या या गावाचंही एक बंदर होतं. बैलगाडीनं महिनाभर चालल्यावर ते लागत असे. धक्का, गोदी, गलबतं सगळी भडोचला. माग, रंग आणि विणकराचे हात इथं.

याचा पुरावा बघायचा तर रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात जावं. लामतुरे हे तेरचेच गृहस्थ. पावसानं धुपलेल्या पांढरीतून, शेतातून वर आलेले मणी, नाणी, मृण्मूर्ती, शंखाच्या बांगड्या त्यांनी हौसेनं, चिकाटीनं जमवल्या. त्या संग्रहातूनच हे संग्रहालय उभं राहिलं. तेरला सापडलेली छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर जगाच्या नकाशावर जाऊन बसली आहे, कारण तिची जवळची बहीण इटलीतल्या पाँपेईत १९३८ मध्ये सापडली. इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखाली ती गाडली गेली होती. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ मागच्या बाजूनं अर्धगोल आहे. ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावं, असं अभ्यासक मानतात. तेरच्या प्राचीन विटांची आणखी एक गंमत म्हणजे त्या पाण्यावर तरंगतात. मातीत भाताचा तूस मिसळून भाजल्यावर तूस जळून जातो आणि वीट आतून पोकळ, हलकी होते.

तेरहून पुढचा मुक्काम लोहारा तालुक्यातलं हिप्परगा. इथं देऊळ बघायला यायचं नाही, शाळा बघायला यायचं. हा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची भाषा उर्दू. १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दू. संस्थानात मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी प्रजा बहुसंख्य, पण तिच्या मुलांना वरच्या इयत्ता आपल्या भाषेत शिकायची सोय जवळपास नव्हतीच. सभा भरवायची किंवा खासगी शाळा काढायची तर सरकारी परवानगीचा जाच. अशा काळात १९२१ मध्ये हिप्परग्यात राष्ट्रीय शाळा सुरू झाली. १९२९ च्या सुमारास व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक इथं आले. १४ जानेवारी १९३० रोजी त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढं हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. मराठीतून शिकवणाऱ्या एका खेड्यातल्या शाळेनं संस्थानाचा इतिहास वळवायला हातभार लावला, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पर्यटन, बंदर आणि भाषेची शाळा या तीन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे ब्रिटनमधल्या वेल्सच्या लोकांना चांगलं कळलं आहे. तिथल्या किनारी गावांत पाहुणे वाढले, बाहेरच्यांनी सुटीसाठी घरं घेतली, भाव चढले, स्थानिक तरुण बाहेर पडले आणि वेल्श बोलणारी मुलं कमी झाली. तिथल्या ग्विनेथ कौन्सिलचा अंतर्गत कारभार वेल्श भाषेत चालतो. तिच्या क्षेत्रात राहतं घर सुटीचं घर करायचं तर आधी कौन्सिलची परवानगी घ्यावी, असा नियम तिनं सप्टेंबर २०२४ मध्ये लागू केला होता. धक्क्याचा आराखडा असो की हॉटेलाचा, निवडून दिलेले सदस्य विचारू शकतात: याचं आमच्या शाळेवर, आमच्या बोलीवर काय होणार?

आपल्याकडे हा प्रश्न विचारायचा कुणी? जिल्हा परिषद मराठी शाळा चालवते, पण धाराशिव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढं कित्येक वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. नगरपरिषदांचंही तेच, त्यांच्या निवडणुकांना डिसेंबर २०२५ उजाडला. मधल्या काळात कोट्यवधींचे आराखडे मंजूर झाले. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढायचा विचारही २०२३ मध्ये पुढं आला. यांतल्या कशावरही स्थानिक सभागृहात उभं राहून खडा सवाल करायला निवडून आलेलं माणूस नव्हतं. अधिकारी कितीही चांगला असला तरी त्याची बदली होते. गावाला मात्र तिथंच राहायचं असतं.

भूमच्या नगरसेवकांना आणि जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींना म्हणूनच एक सांगणं आहे. पर्यटनाचा पुढचा आराखडा टेबलावर आला की तीन प्रश्न विचारा. यात खव्याच्या भट्टीवाल्याला काय मिळणार? तेरच्या संग्रहालयाला आणि परांड्याच्या बुरुजांना काय मिळणार? आणि वाटेवरच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पोरांना आपल्याच गावाची ही गोष्ट शिकायला मिळणार का? उत्तरं समाधानकारक नसतील तर आराखडा परत पाठवा.  आणि वाचकहो, भवानीच्या दर्शनाला जाल तेव्हा एक दिवस जास्तीचा काढून तेर आणि हिप्परगा बघून या.