ईएसआर उतरला आणि आम्ही हरखलो



आमच्या वन्संच्या पाच वर्षांच्या लेकीला सिस्टिमिक जेआयए आहे. लहान मुलांचा संधिवातच, पण सांध्यांपुरता न राहता सगळं अंग धरणारा. रोज संध्याकाळी चढणारा ताप, त्याच्याबरोबर उठून त्याच्याबरोबरच विरणारं गुलाबी पुरळ, सकाळी आखडलेले गुडघे. गेल्या चातुर्मासात मायलेकी आमच्याकडेच होत्या.

एका दुपारी पोळ्या लाटता लाटता मी मोबाइलवर रिपोर्ट उघडला. ईएसआर ९६ वरून २४! "वन्सं, उतार पडला!" मी ओरडलेच. खाली फेरिटिन ४००० च्या वर. सासूबाई म्हणाल्या, "फेरिटिन म्हणजे लोहच ना? मग खजूर बंद करा आता." पोर मात्र १०३ तापात पडलेली.

वन्संनी डॉक्टरांना आकडे कळवले. त्यांनी तासाभरात दवाखान्यात बोलावलं.

तिथे समजलं, की फेरिटिन लोह साठवणारं प्रथिन खरं, पण अंगात मोठा दाह असला की लोह न वाढताही ते भरमसाट वाढतं. आणि ईएसआर म्हणजे नळीत लाल पेशी तासाभरात किती खाली बसतात ते. त्यांना एकमेकींना चिकटवणारं फायब्रिनोजेन कमी झालं, की आकडा उतरतो, आजार नाही. ताप तसाच, फेरिटिन वर, प्लेटलेट्स आणि ईएसआर खाली: हा मॅक्रोफेज अ‍ॅक्टिव्हेशन सिंड्रोम, जिवावर बेतणारा. या आजारात ताप असताना फेरिटिन ६८४ च्या वर गेलं, तरी डॉक्टर त्याची शंका घेतात. आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो!

स्टेरॉइड सुरू झालं. रात्रीच्या औषधाबरोबर काहीतरी खायला द्या म्हणाले, तेव्हा एरवी चौविहाराला कडक असणाऱ्या सासूबाईंनीच दूध कोमट केलं.

पोर सावरली. पण आता दर खेपेला डॉक्टर आधी तिची बोटं बघतात. या आजाराच्या काही मुलांत फुप्फुसं खोकल्याशिवायच बिघडू लागतात, आणि बोटांची टोकं फुगीर होणं ही त्याची खूण असू शकते. रक्तातलं आयएल-१८ फार वाढलेलं असलं, तर जास्त जपावं लागतं. तिचं वाढलेलंच आहे. म्हणून छातीचा सीटी स्कॅन केला. तो स्वच्छ निघाला.

पुढची तपासणी दिवाळीनंतर. तोवर रोज आंघोळीनंतर वन्सं टॉवेलात तिची दहाही बोटं चाचपतात. तिला वाटतं, आई खेळतेय.