आगोटीची बेगमी

‘बेगमी’ हा शब्द मराठीत सगळेच वापरतात. पावसाळ्याची बेगमी, लग्नाची बेगमी, म्हातारपणाची बेगमी. शब्द मूळचा फारसी. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘ग़म’ म्हणजे चिंता. ज्या घरात साठा आहे त्या घराला घोर नाही, असा त्याचा साधा अर्थ. आमच्या कोकणात पावसाळा तोंडावर आला की त्याला आगोट म्हणतात. आगोटीपूर्वी चार महिन्यांची बेगमी कशी केली, यावरून घरच्या बाईची हुशारी ओळखली जाई. आमच्या पिढीपर्यंत येता येता शब्द तेवढा शिल्लक राहिला, काम राहिले नाही. ते काम आम्ही 2020 पासून पुन्हा शिकत आहोत. त्याविषयी आपल्या वाचक भगिनींशी दोन शब्द बोलावेत, म्हणून हे लिहिणे.

आम्ही दोघी जावा. श्रीवर्धन तालुक्यातल्या एका खेड्यात आमचे घर. एकीचे माहेर मुंब्र्याचे, दुसरीचे महाडचे. दोघींचे शौहर आखातात नोकरीला. घरात आम्ही दोघी, सासूबाई, तीन मुले आणि सासऱ्यांच्या बहीण, ज्यांना सगळे घर फुफी म्हणते, अशी सात माणसे. कोकणातल्या बहुतेक मुस्लिम घरांची हकीकत आमच्याहून वेगळी नाही. आधीच्या पिढ्या जहाजावर गेल्या, नंतरच्या आखातात. त्या कमाईवर घरे पक्की झाली, मुले शिकली. अल्हम्दुलिल्लाह, त्यात वाईट काहीच नाही. मात्र पैसा येत गेला तसे शेत पडीक होत गेले, जाते पडवीच्या कोपऱ्यात गेले आणि तांदूळ, आमसूल, मसाला, अगदी अंगण झाडायचा खराटासुद्धा बाजारातून येऊ लागला.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. आमच्यातल्या थोरलीच्या शौहरची नोकरी गेली आणि परतीचे विमान नसल्याने ते तिकडेच अडकले. धाकटीच्या शौहरचा पगार निम्म्यावर आला. ईद साधेपणाने झाली. ईदनंतर नवव्या दिवशी, 3 जूनला, जोहरच्या सुमाराला ‘निसर्ग’ चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले. दोन-तीन तासांत आमच्या वाडीतल्या 90 सुपारींपैकी 60 आडव्या झाल्या, माडांचे शेंडे पिळवटून निघाले, पडवीचे पत्रे उडून दुसऱ्याच्या वाडीत जाऊन पडले. वीज गेली ती 27 दिवसांनी आली. विजेबरोबर पंप गेला, फ्रिज गेला, मोबाइल गेला. म्हणजे पाणी गेले, मासळी गेली आणि परदेशातल्या माणसांचा आवाजही गेला.

ते 27 दिवस घर चालले ते फुफींच्या जिवावर. त्या तेव्हा 73 वर्षांच्या होत्या. विहिरीची जुनी कप्पी माळ्यावर कुठे आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या खाटेखालच्या मडक्यात वाळूत पुरलेल्या आठळ्या होत्या. पत्र्याच्या डब्यात सुकट आणि सुके बोंबील होते, बरणीत आमसूल आणि आंबोशी होती. दर उन्हाळ्यात त्या हे सगळे गुपचूप करत असत. आठळ्यांचे कालवण, आंबोशी घातलेली सुकट आणि भात, यावर सात माणसे जेवत होती.

पहिला धडा मिळाला झाप विणण्याचा. पत्रे आणि ताडपत्री कुठे मिळेना आणि वाडीत झावळ्यांचा खच पडलेला. फुफी म्हणाल्या, “छप्पर वाऱ्याने नेले, आणि छपराचे सामानही वाऱ्यानेच आणून टाकले.” झावळी मधल्या दांड्यावर उभी चिरायची. दोन्ही भाग पाण्यात भिजत टाकायचे. पाती मऊ पडली की एक वर, एक खाली, अशी विणत न्यायची आणि शेवटी टोके वळवून घट्ट अडकवायची. ऐकायला सोपे आहे. पहिल्या दिवशी आम्हा दोघींचे मिळून दोन झाप झाले, फुफींचे एकट्यांचे नऊ. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता. त्या झापाकडे पाहतही नव्हत्या. तोंडाने तस्बीहसारखे काही पुटपुटत होत्या आणि बोटे आपली चालत होती. कसे करता, असे विचारले तर त्यांना सांगता येईना. मग त्यांनी आमचे हात आपल्या हातात घेतले आणि पाते कसे दाबायचे ते दाखवले.

तेव्हा एक गोष्ट आम्हांला स्पष्ट दिसली. ही विद्या फुफींच्या बोटांत आहे. ती त्यांच्या तोंडून पूर्ण उतरणार नाही, आणि ती बोटे थांबली की तिथेच संपेल. आठ दिवसांत आम्ही दिवसाला सहा-सात झापांपर्यंत आलो आणि पडवी झाकली गेली. पण त्याहून मोठी गोष्ट ठरली ती ही, की ज्या ऋतूचे जे काम असेल ते त्या ऋतूत फुफींच्या शेजारी बसून, हाताने करून शिकायचे. ऋतू गेला की वर्ष गेले, आणि 73 वर्षांच्या माणसाची वर्षे मोजकी असतात.

पुढच्या उन्हाळ्यात आमसुलाची पाळी आली. रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात. धुऊन त्यांचे दोन भाग करायचे. बी आणि गर वेगळ्या भांड्यात काढून त्यात मीठ घालायचे. साली दिवसभर उन्हात वाळवायच्या, रात्री त्या खारट रसात बुडवायच्या, सकाळी पुन्हा उन्हात घालायच्या. असे पाच ते सात वेळा केले की साल काळपट लाल आणि चिवट होते. उरलेला रस गाळून बाटलीत भरला की तो आगळ, पाहुण्यांच्या सरबताला आणि सोलकढीला. बियाही टाकायच्या नाहीत. त्या वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळला की तेल वर येते आणि गार झाल्यावर मेणासारखे घट्ट होते. मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. ते मुठेल. लावणीच्या चिखलाने फुटलेल्या टाचांना त्यासारखे औषध नाही.

मीठ किती घालायचे, असे विचारले तर फुफींचे उत्तर, “मुठीने.” त्यांची मूठ आणि आमची मूठ यांत फरक. शेवटी धाकटीने स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला आणि फुफींची मूठ तोलली. 70 ग्रॅम. तीन वेळा तोलली, तिन्ही वेळा दोन-तीन ग्रॅमच्या पलीकडे फरक नाही. तेव्हापासून आम्ही एक वही केली आहे. त्यात फुफींची मूठ, फुफींचा ओंजळभर, फुफींचा “बोटभर पाणी वर”, सगळे वजनामापात लिहून ठेवतो. मुलांना ही वही पाठ आहे.

भाताचे शिक्षण मात्र फुफींकडून नाही, शेजारच्या कुणबीवाडीतल्या काकूंकडून झाले. आमच्या घराण्याचे शेत कितीतरी वर्षे पडीक होते. त्यातले 10 गुंठे साफ केले. बियाणे कसे निवडायचे ते कृषी सहायकांनी दाखवले. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवायचे आणि त्यात बी टाकायचे. पोकळ दाणा तरंगतो, तो काढून टाकायचा. बुडालेला दाणा चांगल्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवून पेरायचा. फुफींनी ते पाहिले आणि म्हणाल्या, “मीठ खरे-खोटे सांगते म्हणायचे!” पूर्वी इथे डहाळ्या, पाला आणि शेण पसरून राब भाजत. त्यासाठी झाडे बोडकी होतात, म्हणून आम्ही शेणखत घालून गादीवाफे केले. तीन आठवड्यांनी रोपे उपटली. काकूंनी शिकवले की एका जागी दोन-तीनच काड्या लावायच्या आणि फार खोल दाबायच्या नाहीत, नाहीतर फुटवा येत नाही. मजुरी देण्याइतके पैसे आमच्याकडे नव्हते. सावड केली. त्यांच्या लावणीला आम्ही गेलो, आमच्या लावणीला त्या आल्या.

त्या वर्षी साडेतीन क्विंटल भात झाले. सडून तांदूळ सव्वादोन क्विंटलच्या आसपास. सात माणसांना जेमतेम चार महिने पुरला. पावसाच्या पाण्यावरच्या पिकाचा दहावा हिस्सा आणि विहिरीच्या पाण्यावरच्या पिकाचा विसावा हिस्सा उश्र म्हणून द्यायचा, हे आम्ही लहानपणी मदरशात पाठ केले होते. ते कधी कामाला येईल असे वाटले नव्हते. आमच्या शाफई मसलकप्रमाणे निसाब पाच वसक, म्हणजे आजच्या मापाने 650 किलोच्या आसपास, त्यामुळे आमच्यावर ते फर्ज झाले नव्हते. तरी फुफींनी कणगीत भात भरण्याआधी 35 किलो बाजूला काढायला लावले. वादळात ज्या विधवा बाईचे घर बसले होते, तिच्याकडे ते गेले. दुकानातून आणलेल्या तांदळावर हा प्रश्न आमच्या घरात कधीच उठला नसता.

काही भगिनी विचारतात, यात पैसे किती वाचतात? खरे सांगायचे तर भातात फारसे काही सुटत नाही. नांगरट, खत, कापणी हे सगळे धरले तर बाजारचा तांदूळ जवळपास त्याच भावात पडतो. आमसूल, आंबोशी, फणसाची साटे आणि परसातली भाजी यांत मात्र बराच खर्च वाचतो. पण आम्ही हे केवळ बचतीसाठी करत नाही. एका माणसाची नोकरी गेली तर चूल किती दिवस पेटेल, हा प्रश्न 2020 साली आमच्यासमोर उभा राहिला होता. आज त्याचे उत्तर आहे, चार महिने, आणि काटकसर केली तर पाच.

आणि जुने ते सगळेच सोने, असेही आमचे म्हणणे नाही. बंद स्वयंपाकघरातली चूल आम्ही परत आणलेली नाही. त्या धुरात फुफींनी 50 वर्षे काढली आणि त्यांच्या आईला शेवटपर्यंत खोकला होता. घरात गॅसच आहे. अंगणात एक चूल घातली आहे, ती भात उकडायला, मुठेल काढायला आणि सिलिंडर न मिळाल्यास. जातेही रोज ओढत नाही. मसाल्यापुरते आणि मुलांना कळावे म्हणून वापरतो. बाईचे कंबरडे मोडणारी कामे सोडून द्यावीत आणि घर वाचवणारी कामे ठेवावीत, असा आमचा साधा नियम आहे.

स्वतःच्या पायावर उभे राहणे म्हणजे कोणाची गरज नसणे, असे शहरात अनेकांना वाटते. आमचा अनुभव उलट आहे. पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, म्हणून सुकी मासळी लागते. ती जीवना बंदरावरच्या कोळणीच देतात. सूप आणि कणगी बुरुडाची, कोयता लोहाराचा, लावणी कुणबीवाडीची. आमच्याकडून त्यांच्याकडे नारळ, आमसूल आणि मुठेल जाते. जितके आम्ही हाताने करू लागलो तितका या माणसांशी आमचा रोजचा संबंध वाढला. एकटे घर कधी स्वयंपूर्ण होत नाही, वाडीने वाडीला धरले तर गाव होते. हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) बादशहा असूनही आपल्या हाताच्या कमाईवर जेवत, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. ते हात लोखंडाचे चिलखत घडवत, आणि चिलखत इतरांच्या रक्षणासाठी असते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. दहा गोष्टी एकदम काढू नका. घरातले किंवा शेजारचे एक वडीलधारे माणूस शोधा आणि एका ऋतूत एकच काम त्याच्या शेजारी बसून करा. मुंबईच्या खोलीत राहत असाल तर वर्षाचे लोणचे, पापड, शिवणकाम, जुन्या गोधडीची दुरुस्ती हीदेखील बेगमीच आहे. माप विचारू नका, तोलून घ्या आणि लिहून ठेवा. मुलांना बघायला नको, करायला बसवा, मुलग्यांनाही. आमच्या घरात खराट्यासाठी माडाचे हीर सोलण्याचे काम बारा वर्षांच्या मुलाकडे आहे आणि तो ते आमच्यापेक्षा झटपट करतो.

वादळानंतर लावलेल्या सुपारीच्या रोपांना आता कुठे फळ धरू लागले आहे. बाणवली माडांना अजून वेळ आहे. फुफींच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले, दुसऱ्याने दिसत नाही. शिकायच्या यादीत आता काथ्या वळणे आहे. सहा महिन्यांपूर्वी खाडीच्या पाण्यात कुजत घातलेली सोडणे या महिन्यात बाहेर काढायची, बडवून त्यांचा काथ्या मोकळा करायचा आणि विहिरीसाठी दोर वळायचा. फुफींच्या बोटांना आता पीळ देता येत नाही. त्या शेजारी बसून सांगतील, वळायचे आम्ही. इन्शाअल्लाह, आगोटीपूर्वी दोर तयार होईल.