देवळात शिरलेली बंदूक

किनवटसारख्या गावात लष्करातून निवृत्त झालेला माणूस राहायला आला की लोक त्याला दोन गोष्टी हमखास विचारतात. कॅन्टीनमधून काय काय मिळतं, ही पहिली. दुसरी टीव्हीवर काश्मीरची बातमी लागली की निघते : "साहेब, अतिरेकी मशिदीत आहेत हे ठाऊक असून तुम्ही लोक बाहेर उभे का राहता? एक गोळा टाकला की विषय संपला." पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं चहा संपेपर्यंत देता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

गोळा टाकला की विषय संपत नाही, तिथून तो सुरू होतो. पायदळात असताना बंडखोरीविरोधी मोहिमांमध्ये मी हे शिकलो. पण मराठी माणसाला त्यासाठी काश्मीरपर्यंत जायला नको, तुळजापूर पुरे. १६५९ साली विजापूर दरबाराने अफझलखानाला पाठवलं ते एका बंडखोराचा बीमोड करायला. खान मैदानातला सेनापती. त्याचं घोडदळ, हत्ती, तोफा हे सगळं मैदानात कामाचं आणि जावळीच्या रानात ओझं. सभासदाची बखर सांगते की वाटेत त्याने तुळजापूरची भवानी फोडली, पंढरपुरालाही उपद्रव दिला. धर्मवेड हे त्याचं कारण आपण लहानपणापासून ऐकतो. मला त्यात लष्करी हिशेबही दिसतो. देवीवर घाव घातला की शिवाजी चवताळून मैदानात उतरेल, असा तो हिशेब. महाराज उतरले नाहीत. राग गिळला, डोंगर सोडला नाही, आणि शेवटी खानालाच प्रतापगडाच्या पायथ्याशी यावं लागलं. १० नोव्हेंबरला तिथे काय झालं ते मराठी वाचकाला सांगायला नको. मावळातल्या देशमुखांना विजापूरची फर्मानं गेली होती, काही जण खानाला मिळालेही. कान्होजी जेधे मात्र वतनावर पाणी सोडून महाराजांकडे राहिले. त्याचं श्रेय तुळजापूरच्या घावाला देणं धाडसाचं होईल. पण तळ्यात-मळ्यात करणाऱ्या माणसाला खानाकडे जाणं त्या घावाने सोपं झालं नसणार, एवढं खात्रीने म्हणतो. उलट महाराजांनी आपल्या फौजेला मशीद आणि कुराण यांना हात लावू दिला नाही, याची साक्ष त्यांना शिव्या घालणाऱ्या खाफीखानाने दिली आहे. शत्रूने दिलेल्या साक्षीवर मी जास्त विश्वास ठेवतो.

आणि आपल्या बाजूचंही सांगितलं पाहिजे. १७९१ साली टिपूविरुद्धच्या युद्धात परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या स्वारांनी शृंगेरीचा मठ लुटला. मठाच्या मदतीला कोण धावलं? टिपू. त्याने शंकराचार्यांना आदराची पत्रं लिहिली, पैसा आणि धान्य पाठवलं. पेशव्यांच्या नावावर कायमचा डाग बसला आणि टिपूला एकही गोळी न झाडता पुण्य मिळालं.

बंडखोर देवळात, मशिदीत, गुरुद्वाऱ्यात शिरतो तो भिंती जाड असतात म्हणून शिरतो, असा लोकांचा समज आहे. भिंतींचा उपयोग असतोच. पण त्याला खरा हवा असतो तो तुमचा गोळा. त्याच्याकडे माणसं थोडी, दारूगोळा थोडा. गावातला बहुसंख्य माणूस त्याच्याबरोबर नसतो, सरकारबरोबरही नसतो, आपल्या शेतीभातीत आणि लेकरांच्या फियांमध्ये असतो. हा माणूस एका दिवसात आपल्या बाजूला ओढण्याची युक्ती बंडखोराकडे एकच असते : त्याच्या श्रद्धेच्या जागेवर सरकारच्या हातून घाव घालून घ्यायचा. म्हणून वेढ्यावरच्या अधिकाऱ्याने आधी स्वतःला विचारावं, की आतला माणूस माझ्याकडून काय करवून घेऊ पाहतोय?

नांदेड जिल्ह्यातल्या वाचकाला अमृतसर समजावणं सोपं आहे. शिखांची तख्तं पाच. त्यातलं एक आपलं हुजूर साहिब, जिथे १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. अमृतसरचं अकाल तख्त हे त्याच पाचांतलं. सचखंड एक्स्प्रेस नांदेडहून अमृतसरला जाते ती या नात्यामुळे. हुजूर साहिबच्या भिंतीवर रणगाड्याचा गोळा पडला असता तर नांदेडात काय झालं असतं, एवढी कल्पना केली की जून १९८४ कळतो.

सुवर्णमंदिरात ठाण मांडलेल्या बंदूकधाऱ्यांना हुसकायला लष्कर आत गेलं, त्या ऑपरेशन ब्लू स्टारच्या रात्री जवानांना हरमंदिर साहिबच्या दिशेने गोळी चालवायची नाही असा सक्त हुकूम होता. तो हुकूम पाळत पायदळाच्या तुकड्या परिक्रमेच्या उघड्या फरशीवर उतरल्या आणि दोन्ही बाजूंच्या मोर्चांतून त्यांच्यावर मशीनगनचा मारा झाला. त्या मोर्चांची आखणी शाबेग सिंग यांनी केली होती. हे आपल्याच सैन्यातले माजी मेजर जनरल, १९७१ मध्ये मुक्तिवाहिनीला तयार करणाऱ्यांपैकी. कोणता दरवाजा कसा फोडला जाईल, हे त्यांना आपल्या अधिकाऱ्यांइतकंच ठाऊक होतं. शेवटी विजयंता रणगाडे आत आणून अकाल तख्तावर तोफा डागाव्या लागल्या. सरकारी श्वेतपत्रिकेप्रमाणे लष्कराचे ८३ जण गेले. त्यात भर म्हणजे ते दिवस गुरू अर्जनदेवांच्या शहीदी पर्वाचे. यात्रेकरू आत अडकलेले.

लष्करी भाषेत मोहीम फत्ते झाली. पण नंतरचा हिशेब पाहा. गंगानगरला शीख रेजिमेंटच्या नवव्या पलटणीने बंड केलं. तेव्हाच्या बिहारातल्या रामगढच्या शीख रेजिमेंटल सेंटरमध्ये जवानांनी कमांडंट ब्रिगेडियर पुरी यांना मारलं. ऑक्टोबरच्या अखेरीस इंदिरा गांधींची हत्या झाली आणि त्यापाठोपाठ दिल्लीत जे झालं ते झालं. त्या मोहिमेच्या वेळी लष्करप्रमुख होते अलिबागचे जनरल अरुणकुमार वैद्य. १९६५ आणि १९७१, दोन्ही युद्धांत महावीरचक्र मिळवलेले. निवृत्तीनंतर ते पुण्यात राहिले आणि १० ऑगस्ट १९८६ रोजी स्वतः गाडी चालवत घरी परतताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मारेकऱ्यांना १९९२ मध्ये येरवड्यात फाशी झाली. पंजाब शांत व्हायला त्यानंतरही वेळ लागला.

रामगढची घटना नागरी वाचकाला फारशी आठवत नाही, लष्करातला माणूस ती विसरत नाही. आमच्या पलटणींमध्ये पंडित, ग्रंथी, मौलवी असतात. छावणीत सर्वधर्मस्थळ असतं. मराठा लाइट इन्फन्ट्री शिवाजी महाराजांच्या जयघोषाने चढाई करते, गढवाली बद्रीविशालच्या, शीख 'बोले सो निहाल'च्या. मरणाच्या तोंडावर जवानाला उभं ठेवणारी जी गोष्ट आहे, त्याच गोष्टीवर त्याला तोफ डागायला सांगितलं तर फळी आतून तडकते. शत्रूला याहून स्वस्तात काय मिळणार?

मग जायचंच नव्हतं का? माझं मत वेगळं आहे. चूक आत जाण्यात नव्हती, उशिरा जाण्यात होती. २५ एप्रिल १९८३ रोजी पंजाब पोलिसांचे डीआयजी ए. एस. अटवाल दर्शन घेऊन बाहेर पडत असताना सुवर्णमंदिराच्या पायऱ्यांवर मारले गेले. मारेकरी आत निघून गेला. त्याच दिवशी पोलीस, पंजाबचेच पोलीस, बूट काढून आत गेले असते तर त्यांना थोडे बंदूकधारी भेटले असते, शाबेग सिंगांचे मोर्चे नव्हेत. पुढचं वर्षभर दिल्ली आणि चंदीगड वाट पाहत राहिले आणि मग तेच काम लष्करावर टाकलं. पोलिसी काम सडू दिलं की ते लष्करी होतं, आणि लष्करी झालं की महाग पडतं.

चार वर्षांनी त्याच जागी दुसरी पद्धत वापरली. मे १९८८, ऑपरेशन ब्लॅक थंडर. सुरुवात झाली ती मंदिराजवळची मोर्चेबांधणी पाहायला गेलेले डीआयजी सरबदीपसिंग विर्क यांच्या जबड्यात गोळी लागल्यामुळे. हे विर्क महाराष्ट्र केडरचे, पुढे आपल्या राज्याचे पोलीस महासंचालक झाले. पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल आणि एनएसजीने या वेळी घाई केली नाही. भोवती उंचावर नेमबाज बसवले, पाणी आणि वीज तोडली, आणि पत्रकारांना सगळं पाहू दिलं. मेचं ऊन होतंच. काही दिवसांत आतले हात वर करून बाहेर आले. आतली घाण आणि पुरलेले मृतदेह देशाने पाहिले, आणि देवस्थान कुणी विटाळलं याचं उत्तर सरकारला द्यावं लागलं नाही. माझ्या मते त्या शतकात आपल्याकडे झालेली ही सर्वांत शहाणी मोहीम.

धीर धरला की नेहमी यश येतं असं मात्र नाही. १९९३ च्या ऑक्टोबरात अतिरेकी आत शिरले म्हणून श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्याला वेढा पडला. तिथे पैगंबरांचा पवित्र केस आहे. तो १९६३ च्या डिसेंबरात नाहीसा झाला तेव्हा सगळं खोरं रस्त्यावर आलं होतं, त्यामुळे वेढा घालणाऱ्यांना भिंतीवर ओरखडाही परवडणारा नव्हता. आतल्यांना जेवण पुरवलं म्हणून देशभर सरकारची टिंगल झाली. महिनाभराने ते बाहेर आले, दर्गा शाबूत राहिला. पण मधल्या काळात, २२ ऑक्टोबरला, वेढ्याच्या निषेधाच्या मोर्चावर बिजबेहाराला गोळीबार झाला आणि दर्ग्यात वाचवलेलं बरंचसं तिथे रस्त्यावर सांडलं. १९९५ च्या मे महिन्यात चरार-ए-शरीफला तर काहीच वाचलं नाही. नुंद ऋषींचा लाकडी दर्गा जळाला, भोवतालची वस्ती जळाली. आग कुणी लावली यावर दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवलं. आतल्या अतिरेक्यांचा म्होरक्या मस्त गुल निसटला आणि सीमेपलीकडे त्याच्या गळ्यात हार पडले. दर्गा जळण्याने भलं झालं ते फक्त त्याचं.

कायदाही आहे. १९५४ च्या हेग कराराशी भारत बांधील आहे, पण तो करारही लष्करी गरज अटळ असेल तर सवलत देतो. जमिनीवर कायद्याहून जास्त उपयोगी पडतं ते साधं युद्धज्ञान. इटलीत मॉन्टे कॅसिनोचा मठ दोस्तांच्या विमानांनी १५ फेब्रुवारी १९४४ ला उद्ध्वस्त केला. जर्मन सैनिक तोवर मठाच्या इमारतीत नव्हते. ते नंतर ढिगाऱ्यात येऊन बसले आणि १८ मेपर्यंत हलले नाहीत. उभ्या भिंतीपेक्षा पडलेली भिंत लढायला बरी असते, हे पायदळाच्या कुठल्याही सुभेदाराला विचारा.

आमच्या पलटणीचा शिरस्ता असा होता : मशिदीची झडती घ्यायची वेळ आली तर आधी इमाम आणि गावातली चार वडीलधारी माणसं बोलवायची, आत स्थानिक पोलीस पाठवायचे, आमचे जवान बाहेर. बंदूकधारी आत असेल तर घेराव घट्ट करायचा आणि त्याच्या घरचं कुणी आणून लाउडस्पीकरवर बोलायला लावायचं. कंटाळवाणं काम. थंडीत रात्रभर उभं राहिलेला जवान मनातल्या मनात काय म्हणतो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

आमच्या किनवटच्या सीमेपलीकडेही सरकारी गोळी उलटल्याचं एक उदाहरण आहे, तिथे मात्र देऊळ नव्हतं. आदिलाबाद जिल्ह्यातल्या इंद्रवेल्लीला २० एप्रिल १९८१ रोजी गोंडांच्या सभेवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा, गोंड तो कधीच मान्य करत नाहीत. त्यांच्या आठवणीचा स्तंभ पुढे स्फोटाने उडवला गेला, मग पुन्हा बांधावा लागला. दरवर्षी त्या दिवशी तिथे जमण्यावर वर्षानुवर्षं बंदी राहिली. एका सभेच्या मैदानाचं श्रद्धास्थान झालं ते अशा रीतीने.

शेवटी एक विनंती, आणि ती लष्कराला नाही. ब्लॅक थंडरनंतर लगेच, १९८८ मध्येच, संसदेने धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा कायदा केला. देवस्थानात शस्त्रं साठवणं, आरोपीला आसरा देणं, आवार राजकारणाला वापरू देणं हे त्यात गुन्हे आहेत आणि पाच वर्षांपर्यंत कैद आहे. शिखांच्या कृपाणाला आणि धार्मिक विधीतल्या शस्त्रांना सूट आहे. असं काही घडताना दिसलं तर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी संस्थेच्या व्यवस्थापकावर आहे. किनवट, माहूर, नांदेडच्या विश्वस्तांनी, मुतवल्लींनी आणि पंच कमिट्यांनी हा कायदा एकदा वाचावा. चार पानांचाच आहे.