होतेईची झोळी

नव्या वर्षाला चांगले स्वप्न पडावे म्हणून सात भाग्यदेवतांच्या जहाजाचे चित्र उशाखाली ठेवायची जपानमध्ये जुनी रीत आहे. त्या जहाजातली बेन्झाइतेन मूळची आपली सरस्वती, दाइकोकुतेन मूळचा महाकाल. त्यांच्या शेजारी सुटलेल्या पोटाचा होतेई हसत बसलेला असतो. परंपरेनुसार तो दहाव्या शतकाच्या आरंभी चीनच्या झेजियांग भागात भिक्षा मागत हिंडणारा छीत्स नावाचा भिक्षू. धनाच्या जहाजात भिक्षेकऱ्याला जागा मिळाली, हा श्रद्धेचा ऱ्हास आहे असे म्हणता येईल. मला मात्र वाटते, होतेईचे भाग्य भरलेल्या झोळीत नव्हतेच. ती केव्हाही खाली ठेवता येण्यात होते. धर्माचे सार काय, असे विचारल्यावर त्याने झोळी खाली ठेवली आणि पुढे काय, असे विचारताच ती खांद्यावर टाकून चालू लागला, अशी कथा आहे.

यावर आक्षेप येतो की, लोकांच्या अन्नावर जगणाऱ्याचे समाधान ऐतखाऊ असते. पण मग त्याने झोळी पुन्हा का उचलली? कथेचा हा उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो. बारा‍व्या शतकातल्या क्वोआन या झेन गुरूच्या, बैल शोधणाऱ्या गुराख्याच्या दहा चित्रांत साधना संपल्यावर माणूस डोंगरात राहत नाही. शेवटच्या चित्रात तो बाजारात, माणसांत परततो आणि तिथे भेटणारी आकृती होतेईसारखी पोट सुटलेली, झोळीवाली असते. पाऊस येणार असला की छीत्स ओल्या गवती चपला घालून लगबगीने निघे, कोरडे ऊन पडणार असले की उंच खडावा घाली आणि लोक त्यावरून हवामान ओळखत, असेही जुन्या नोंदी सांगतात. लोकांच्या उपयोगी पडणाऱ्या अशा माणसाला ऐतखाऊ कसे म्हणावे?

क्योतोजवळच्या उजी इथल्या मानपुकुजी मठाने त्याला भावी बुद्ध मैत्रेयाच्या रूपात दर्शनी दालनात बसवले आहे. ही मूर्ती 1663 मधली, चिनी मूर्तिकार फान दाओशेंगने घडवलेली. हाकुइन या झेन गुरूने अठराव्या शतकात त्याची कितीतरी चित्रे काढली. होतेईकडे सुख मागणाऱ्या साध्या माणसांना मी दोष देत नाही. टंचाईत जगणाऱ्याने पोटभर अन्न मागणे रास्तच आहे. माझी तक्रार आहे ती आपल्याकडे ‘लाफिंग बुद्धा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, हाती सोन्याची लगड दिलेल्या मूर्तींबद्दल. लगड आली की झोळी खाली ठेवणारा तो भिक्षू त्या मूर्तीत उरत नाही.