अर्थ लागेना

आमच्या गोठ्याला लागून पत्र्याचं एक शेड आहे. त्यात पेंडीची पोती, औषध मारायचा पंप आणि माझी येझदी. थोरला मुलगा दर दिवाळीला म्हणतो, "आप्पा, भंगारवाला किलोवर घेतोय, देऊन टाकूया." मी म्हणतो, "तो घेईल, पर मी द्यायचा न्हाई." तो हसतो आणि निघून जातो. मी का देत नाही ते त्याला कधी नीट सांगितलं नाही. आता लिहायला बसलोच आहे तर सांगून टाकतो.

गाडी मी १९८८ साली घेतली, उसाच्या बिलातून, कराडच्या एका मास्तरांकडून, जुनीच. तेव्हा आमच्या भागात जावा-येझदी म्हणजे मानाची गाडी. म्हैसूरच्या कारखान्यात ती तयार व्हायची. एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. किक मारायचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच. किक मारून झाली की तोच पुढं वळवून गिअर टाकायचा. नवखा माणूस किक शोधत बसायचा आणि आम्ही गंमत बघायचो.

तिची सगळी वीज सहा व्होल्टची. आता बारा व्होल्टच्या गाड्या आल्या, त्यामुळं नव्या पोरांना याचं दुखणं कळत नाही. पस्तीस वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर तीन अँपिअर घेतो, तोच सहा व्होल्टवर जवळजवळ सहा घेतो. म्हणजे तारेतनं दुप्पट करंट जाणार. एखादा जोड जरासा सैल किंवा गंजका असला, की त्या जोडातच निम्मी वीज खपणार. पाटाला उंदराचं बीळ पडल्यासारखं. वरनं पाणी सोडलेलं दिसतं, सरीत काही पोचत नाही.

गाडीचा मिस्त्री माझा बालमित्र. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढं मी मोटेच्या विहिरीवर इंजिन बसवलं आणि शेतीत पडलो, तो कराडला एका गॅरेजात पान्हे धुवायला लागला. नंतर त्यानं नाक्यावर स्वतःचं टपरीवजा गॅरेज टाकलं. माझ्या गाडीला त्याच्याशिवाय कुणाचा हात लागत नव्हता.

१९९५ च्या उन्हाळ्यात धाकट्या भावाचं लग्न निघालं. गाडीचा रंग उडाला होता. मिस्त्री म्हणाला, "रंगवायची तर हिकडं आण. खोलाखोली तू करू नगंस." पण लग्नघर, पैशाची ओढाताण. मी आणि मेव्हणा, दोघांनी अंगणात गाडी उघडी केली. बॅटरी काढली, तारा बाजूला बांधल्या आणि फ्रेमला काळ्या रंगाचे दोन जाड हात दिले. वाळल्यावर बोल्ट होते तिथं परत आवळले. लग्नात गाडी आरशासारखी चमकत होती. मला फार बरं वाटलं.

पावसाळा लागला आणि दुखणं सुरू झालं. गाडी वेगात असली की ठीक. वळणावर, चौकात हळू केली की मरायची. हॉर्न दाबला की इंजिन फटफट चुकायचं. ब्रेक दाबला की पुढचा दिवा मान टाकायचा. चार्जिंगचा लाल दिवा उगाच डोळे मिचकावायचा. आठवड्याला एक बल्ब उडायचा.

मिस्त्रीकडं नेली. त्यानं प्लग काढून हेडला टेकवला, किक मारायला लावली. ठिणगी कधी निळी, कधी तांबूस आणि मेलेली. उजव्या बाजूचं झाकण काढून पॉइंट घासले, डायनामोचे कार्बन बघितले, कंडेन्सर बदलला. मग गॅरेजातल्या मोठ्या बॅटरीचे दोन चिमटे आणले, एक माझ्या बॅटरीच्या प्लसला लावला, एक इंजिनच्या बोल्टाला. गाडी पहिल्या किकला चालू! दिवा लख्ख. म्हणाला, "तुझी बॅटरी गेली." नवी बॅटरी टाकली. चार दिवस बरी चालली, पुन्हा तेच. मग कॉईल तापतेय म्हणून कॉईल बदलली.

तेव्हा त्यानं मला विचारलं होतं, "रंगवताना गाडी खोललीवतीस का रं?"

मी म्हणालो, "न्हाई. वरच्या वर हात मारलाय."

आपल्यात म्हणतात, वैद्याशी आणि वकिलाशी खोटं बोलू नये. मिस्त्रीचं नाव त्यात नाही, पण असायला पाहिजे. मी खोटं का बोललो? त्यानं नको म्हटलेलं मी केलं होतं, एवढंच. त्याच्यापुढं मान खाली घालायला नको वाटली.

ऑगस्टात आईला डोळे दाखवायला कराडला नेलं. डॉक्टरांकडं उशीर झाला, अंधार पडला, वर झिमझिम पाऊस. सुर्लीच्या घाटात पुढं एक मालट्रक रांगत चढत होता, म्हणून मी वेग कमी केला. गाडी मेली आणि दिवाही मेला. वीस-पंचवीस किका मारल्या. शेवटी मी गाडी ढकलतोय आणि आई डोक्यावर पदर घेऊन बाजूनं चालतेय, असा तो घाट आम्ही चढलो. तिचे गुडघे धरलेले, एका डोळ्यानं नीट दिसत नाही. वर आल्यावर ती दगडावर टेकली आणि एवढंच म्हणाली, "बैल असता तर पोचलो असतो रं."

ते वाक्य माझ्या डोक्यात रात्रभर घुमलं. सकाळी मी नाक्यावर गेलो. टपरीपुढं सात-आठ गिऱ्हाइकं होती. मिस्त्रीचा दहा-बारा वर्षांचा पोरगा रॉकेलमध्ये साखळी धूत होता. मी सगळ्यांपुढं म्हणालो, "जुनी कॉईल घातलीस आणि नव्याचं पैसं घेतलंस. माझी आई घाटात चालली तुझ्यापायी."

मिस्त्री काही बोलला नाही. हात फडक्याला पुसले, गल्ल्यातनं कॉईलचे पैसे मोजून माझ्या खिशात घातले. म्हणाला, "आता ही गाडी माझ्या दारात आणू नगंस." पोरगा साखळी हातात धरून बघत राहिला होता.

तीन महिने गाडी शेडात पडून. दुसरा कुणी मिस्त्री मी बघितला नाही. दिवाळीनंतर विहिरीवरची मोटर अंगाला झिणझिण्या द्यायला लागली, म्हणून वायरमनला बोलावलं. त्यानं पहिल्यांदा अर्थिंगचा खड्डा बघितला. कोळसा-मीठ भरलेला खड्डा, पण वरची माती भेगाळलेली. म्हणाला, "आप्पा, उन्हाळ्या-हिवाळ्यात हितं चार घागरी पाणी वतत जावा. माती वाळली की अर्थ लागत न्हाई." मी घागर ओतताना एकदम थांबलो. त्यानं सांगितलं ते होतं मोटरचं, अंगाला झटका बसू नये म्हणून. गाडीचं काम वेगळं. पण 'अर्थ' हा शब्द मी मिस्त्रीच्या तोंडून शंभर वेळा ऐकला होता. गाडीत बॅटरीच्या प्लसपासून दिव्यापर्यंत तार असते. परत यायला वेगळी तार नसते. करंट गाडीच्या लोखंडातनं बॅटरीच्या मायनसला परत येतो. गेलेल्या एसटीला परतीचा रस्ताच नसेल, तर दुसऱ्या दिवशी गाडी सुटणार कुठनं?

त्या संध्याकाळी मागच्या दिव्याचा एक जादा बल्ब घेतला, त्याला दोन तारा डकवल्या. बॅटरी चार्ज करून आणली होती. मंडळींना बॅटरी-टॉर्च धरायला लावली. एक तार बॅटरीच्या प्लसला, दुसरी मायनसला लावली. बल्ब लख्ख. मग दुसरी तार मायनसवरनं काढून इंजिनच्या बोल्टाला लावली. बल्ब काजव्यासारखा, लाल.

"अवो, ह्यो इझला की," मंडळी म्हणाल्या.

बॅटरी तीच, बल्ब तोच. फरक फक्त मायनस आणि इंजिन यांच्या मधल्या वाटेचा. बॅटरीच्या मायनसची तार जिथं फ्रेमला आवळलेली होती, तो बोल्ट मी खोलला. तारेच्या डोळ्याखाली, फ्रेमवर, काळा रंग. माझ्याच हाताचा, दोन थर. आवळताना बोल्टाच्या आट्यांनी रंग थोडा खरवडला होता, तेवढ्यावर लग्न निभावलं. पावसात त्या खरवडीवर गंज चढला आणि वाट बंद झाली. गॅरेजात मिस्त्रीनं चिमटा थेट इंजिनला लावला होता, म्हणून त्याच्याकडं गाडी चालू व्हायची. माझा तो जोड त्यात येतच नव्हता. वेगात डायनामो स्वतःच्या जोरावर प्लगला पुरवायचा, हळू झाली की बॅटरीवर यायची आणि मरायची. सगळ्याचा अर्थ आता लागला होता.

पॉलिश पेपरनं तेवढी जागा पांढरी होईपर्यंत घासली, बोल्ट आवळला, वर जरा व्हॅसलीन लावलं. पहिल्या किकला गाडी चालू. मंडळी हसल्या. मला हसायला आलं नाही.

दोन दिवस मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर, गिऱ्हाइकं गेल्यावर गेलो. कॉईलचे पैसे पुढं केले आणि सगळं सांगितलं. रंगाचं, खोटं बोलल्याचं. मिस्त्रीनं ऐकून घेतलं. पैशाला हात लावला नाही. म्हणाला, "बोललास चार माणसांत, आणि सांगायला आलायस अंधारात?" मग पोराकडं बघून म्हणाला, "ह्येनं ऐकलंय. शाळेत पोरं त्याला कॉईलचोर म्हणत्यात."

रात्रभर झोप लागली नाही. सकाळी नऊला, नाक्यावर गर्दी असताना, मी येझदी घेऊन गेलो. बोल्ट खोलून दाखवला, रंगाची खपली हातावर घेतली आणि मोठ्यानं सांगितलं, "चूक माझी हुती. कॉईल नवीनच हुती. मी खोटं बोललो." कुणी हसलं, कुणी मान हलवली. मी पोरापुढं गेलो आणि तेच पुन्हा सांगितलं. तो काही बोलला नाही. मिस्त्रीनं माझ्या हातातनं पान्हा घेतला, बोल्ट तपासला आणि अर्धा आटा जास्त आवळला. "व्हॅसलीन बरूबर लावलंस," म्हणाला. तेवढंच. पैसे त्यानं त्या दिवशी घेतले.

पुढच्याच वर्षी, १९९६ साली, म्हैसूरचा कारखाना बंद पडला. सुटे भाग मिळेनासे झाले, तरी मिस्त्रीनं जिवात जीव असेपर्यंत ती गाडी चालू ठेवली. आता गॅरेज त्याचा पोरगा बघतो. नव्या गाड्यांना तो मशीन लावून दोष वाचतो, पण आधी बॅटरीच्या मायनसची तार हलवून बघतो. मला बघितलं की चहा सांगतो. जुनं कधी काढत नाही.

दसऱ्याला घरातल्या सगळ्या गाड्या धुतल्या जातात. मुलं हार, झेंडूची फुलं, हळद-कुंकू घेऊन उभी असतात. मी येझदीला हार घालायच्या आधी तो बोल्ट खोलतो, जागा घासतो, परत आवळतो. नातू विचारतो, "आप्पा, गाडी तर चालत न्हाई, मग कशाला?" मी त्याला टॉर्च धरायला लावतो.